डॉक्टरची लकब

"तो तुकडा कापू नका," मेजर म्हणाला. "डॉक्टर खरंच तसं करायचा."

संकलनाची खोली म्हणजे खिडक्यांना काळा कागद चिकटवलेली, तीन खुर्च्यांनी भरून जाणारी जागा. पडद्यावर डॉक्टरचं काम करणारा नट तापाने फणफणलेल्या जवानाला सांगत होता, काही झालेलं नाही, उद्या उठून बसशील. आणि सांगता सांगता त्याने कानाची पाळी दोन बोटांत धरून हळूच चोळली. खोटं बोलताना तो तसं करायचा. बघणाऱ्याला ते एव्हाना कळलेलं असे, आणि जवान काही उठून बसणार नाही हेही त्या पाळीवरूनच कळे. प्रसंग रेंगाळतोय म्हणून दिग्दर्शिकेला तेवढा भाग काढायचा होता. तिने खुर्ची मेजरकडे वळवली.

"सर, ती लकब डॉक्टरांची नाही. आपल्या नटाने स्वतःची घातली, तालमीत. तुम्हीच तेव्हा म्हणाला होतात, डॉक्टर असं काही करायचा नाही, पण छान दिसतंय, राहू दे."

"मी म्हणालो?"

"तुम्हीच. हसलाही होतात."

शर्टाचं बटण उघडं राहिलंय हे सांगावं, तितक्याच साधेपणाने तिने ते सांगितलं. संकलक पडद्यावरची नजर काढायला तयार नव्हता. मेजर हसला, ठीक आहे, राहू द्या तरी, असं काहीतरी पुटपुटला आणि पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर आला. बाहेरच्या बोळात पाण्याचं यंत्र घरघरत होतं. त्याने पेला भरला आणि तो तसाच हातात धरून डॉक्टरचे कान आठवायचा प्रयत्न केला. कान आले ते नटाचे, लहानसे, डोक्याला चिकटलेले. बरं, कान राहू देत. नाक? हनुवटी? कपाळ? एकेक करून सगळं आलं आणि सगळं नटाचं आलं, रंगभूषाकाराने दाढीवर शिंपडलेल्या खोट्या हिमकणांसकट. त्याने तो चेहरा हाकलला, तर चोरट्या मांजरासारखा तो एका दाराने गेला आणि दुसऱ्या दाराने परत येऊन बसला. मेजरने पेला यंत्रावर ठेवून दिला. डॉक्टरचा एकच फोटो त्याच्याकडे होता, तुकडीचा, सगळ्यांनी टोप्या कानांवर ओढलेल्या आणि डोळ्यांवर बर्फाचे काळे चष्मे. त्यात कोण कुठला हे उभं राहण्याच्या क्रमावरूनच सांगता यायचं. ज्याच्याबरोबर एक अख्खा हिवाळा एका झोपडीत काढला, ज्याच्यासाठी हा एवढा खटाटोप मांडला, तो माणूस डोळ्यांसमोर येत नव्हता. कधीपासून येत नव्हता, तेही सांगता येईना.

फौजेत मेजरचं काम लढण्यापेक्षा पोचवण्याचं जास्त होतं. रॉकेल, बूट, पीठ, औषधं, पत्रं; खालून वर, आणि वरून खाली आजारी माणसं. मुदतीआधी निवृत्ती घेऊन तो शहरात आला आणि एका काचेच्या उंच इमारतीचा सुरक्षाप्रमुख झाला. म्हणजे लोकांच्या गळ्यातली ओळखपत्रं बघायची आणि फाटक उघडायचं. तिथे एकदा सिनेमावाले आले. त्यांची जनित्राची गाडी उतारावर अडकली, जेवण आलंच नाही, आणि निर्माता डोकं धरून पायरीवर बसला. मेजरला ते बघवेना. त्याने बाही सरसावली आणि जेवायच्या वेळेपर्यंत गाडी जागेवर, माणसं जागेवर, गरम जेवण पानात. "साहेब, तुम्ही या इमारतीत काय करताय?" निर्मात्याने विचारलं. मेजरने तोच प्रश्न घरी येऊन स्वतःला विचारला. बायको तेव्हा एवढंच म्हणाली होती, "आत्ता कुठे घरी आला होतात." हे तिने तक्रारीच्या सुरात म्हटलं असतं तर बरं झालं असतं, काही उत्तर तरी देता आलं असतं. त्याने चित्रपट काढायला सुरुवात केली. लहान, स्वतंत्र, कुणा मोठ्या कंपनीच्या दारात न जाता. पहिला महोत्सवांतून फिरला, दुसरा कुठेच फिरला नाही. पण मेजरच्या चित्रणाला वेळेवर चहा मिळतो आणि कुणाचा पाय मुरगळला तर पट्टी तयार असते, अशी त्याची ख्याती झाली. लोक मागून हसत, आपलं चित्रण नसतं रे, चढाई असते. आणि पुढच्या वेळी पुन्हा त्याच्याचकडे येत.

ही दिग्दर्शिका त्याच्याकडे भलतीच कुठलीतरी गोष्ट घेऊन आली होती. ती त्याला पटली नाही. नाही म्हणताना तिला वाईट वाटू नये म्हणून त्याने चहा मागवला, आणि चहा येईपर्यंत काहीतरी बोलायचं म्हणून डॉक्टरविषयी बोलला. उंचावरची चौकी, बर्फ, चौकीचा तरुण डॉक्टर. खालच्या चौकीवर कुणाला तरी छातीत पाणी झालं म्हणून तो स्वच्छ हवेत सकाळी निघाला आणि वाटेत बर्फाचा कडा सुटला. मेजर तेव्हा तळावर सामान आणायला गेलेला. बिनतारी यंत्रावर कळलं. यात कुणाचंच चुकलं नव्हतं. हुकूम बरोबर होता, वाट रोजची होती, हवा चांगली होती. कुणावर तरी चिडता आलं असतं तर ते आठवणं सोपं गेलं असतं. चहा येऊन निवला. दिग्दर्शिका म्हणाली, "सर, हे करू या."

मग ती दुपारी दुपारी येऊन बसू लागली. "ते हसायचे कसे?" "साधं. माणसं हसतात तसं." "माणूस कसा होता?" "चांगला होता." "चांगली माणसं पडद्यावर सगळी सारखीच दिसतात, सर. हे कसे चांगले होते?" ती घाई करत नसे. गप्प बसून राही, आणि तिच्या त्या गप्प बसण्यात एखादी गोष्ट हळूच वर येई. डॉक्टर सकाळी चष्मा डोळ्यांवर चढवण्याआधी स्टोव्हवर धरून शेकायचा, कारण गार दांडी कानशिलाला चावायची. कुणीही काहीही दुखतंय म्हणून आलं की आधी म्हणायचा "बघू," आणि त्या "बघू"ला जवान शत्रूपेक्षा जास्त घाबरायचे. त्याला एका गाण्याची एकच ओळ येत होती, तीही बेसूर, आणि तो गायला लागला की वायरलेसवाला म्हणायचा, साहेब, हे पलीकडे ऐकवलं तर ते चौकी सोडून जातील. सांगून झालं की मेजरला हलकं वाटे. कितीतरी वर्षं बंद असलेली खोली झाडून काढल्यासारखं. घरी जाताना तो ती ओळ गुणगुणायचा. मग बर्फात तंबू पडले, नट आला, आणि त्या एकेका गोष्टीचं चित्रण झालं. चष्मा शेकण्याचे किती टेक झाले कुणास ठाऊक. कधी वाफ जास्त, कधी हात थरथरला, कधी उजेड गेला. प्रत्येक टेकला मेजर मागे उभा राहून सांगे, थोडा वर धर, नाही, एवढा नाही. त्याला वाटत होतं चित्र स्वच्छ होत चाललंय. आता बोळात उभं राहून त्याला वाटलं, आपण पाटीवरची अक्षरं गिरवत नव्हतो. पुसत होतो.

घरी आला तेव्हा बायको गॅलरीतले वाळलेले कपडे काढत होती. तिच्या हातातली चादर त्याने एका टोकाला धरली. "तुला डॉक्टर आठवतो?"

"एकदाच तर आले होते जेवायला. छावणीतल्या घरी."

"दिसायला कसा होता?"

तिने चादरीच्या कडा जुळवल्या. "आता असं कसं सांगू? बारीक होते. डावखुरे होते."

"डावखुरा?"

"हो की. तुम्ही शेजारी बसला होतात, तुमचा उजवा हात आणि त्यांचा डावा, सारखी कोपरं लागत होती. शेवटी मी तुम्हाला उठवून पलीकडे बसवलं. ते म्हणाले, वहिनी, वर पण हा असाच माझी बाजू बळकावतो."

चादरीचं टोक मेजरच्या हातात तसंच राहिलं. चित्रपटात डॉक्टर उजव्या हाताने लिहीत होता, उजव्या हाताने सुई टोचत होता, उजव्या हाताने निरोप देत होता. हे कुणी विचारलं नव्हतं, कारण ते विचारायची गोष्टच नाही. आणि त्याला सुचलं नव्हतं. तिथे वर हातमोज्यांत सगळे हात सारखेच, असं त्याने स्वतःला समजावून बघितलं. पण हातमोजे काढूनही माणूस जेवत होताच की, त्याच्या शेजारी, रोज.

"तुला हे लक्षात कसं राहिलं?"

"मला तुमच्या सगळ्याच मित्रांचं थोडं थोडं आठवतं," बायको म्हणाली. "तुमच्या तिकडचं मला तेवढंच मिळायचं." तिने चादर त्याच्या हातातून सोडवून घेतली. "त्या मुलीला एवढं सगळं सांगितलंत. ती चष्मा शेकण्याची गोष्ट मी तुमच्या माणसांकडून ऐकली, चित्रणाच्या वेळी. मला कधी सांगितली नाहीत."

तिने कधी विचारलं नव्हतं, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण ते खरं नव्हतं. लग्नानंतरच्या वर्षांत तिने विचारलं होतं, पुष्कळदा, आणि तो म्हणाला होता, काही नाही गं, नेहमीचंच. तो खोलीत जाऊन बसला. भिंतीपलीकडून कपाटाचं दार उघडल्याचा आणि घड्या एकावर एक ठेवल्याचा आवाज येत होता.

डॉक्टरच्या बायकोला तो वहिनी म्हणायचा. डॉक्टर गेल्यावर त्यांनी औषधांचं दुकान टाकलं होतं आणि अजून त्याच गल्ल्यामागे त्या उभ्या असत, केस पांढरे, चष्मा साखळीला लटकलेला. चित्रपटाला परवानगी देताना त्यांनी एकच अट घातली होती, सगळ्यांच्या आधी आम्हाला दाखवा. मेजर गेला ती दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक तुरळक होतं. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. "बसा, भावोजी. झाला का तयार?"

"होतोय. वहिनी, डॉक्टर डावखुरा होता?"

"होते की." गोळ्यांची पट्टी कात्रीने कापत त्यांनी वर पाहिलं. "सिनेमात नाहीयेत का?"

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. एका म्हाताऱ्याला खोकल्याचं औषध हवं होतं. जेवणाआधी की नंतर, हे त्याने पुन्हा पुन्हा विचारून घेतलं आणि तो गेला. "जाऊ द्या," वहिनी म्हणाल्या. "बघणाऱ्यांना काय कळतंय."

"वहिनी, तो दिसायचा कसा, नीट आठवतं तुम्हाला?"

त्यांनी चष्मा काढला. आपण नको ते विचारलं असं मेजरला वाटलं, पण त्या रागावल्या नव्हत्या, हिशेब करावा तशा विचार करत होत्या. "नीट म्हणाल तर लग्नातला फोटो आहे. त्यात हसतायत, कारण फोटोग्राफर म्हणत होता हसा. लग्नानंतर जेवढे घरी राहिले ते एका लांब सुट्टीत मावेल. त्यातही झोपाच जास्त, दमून यायचे ना. मला पाठ आठवते त्यांची. आणि फोन. फोनवर विचारायचे, टाकीची गळती थांबली का. दुसरं काही सुचायचं नाही बहुतेक." त्या थांबल्या. "मला वाटायचं, ते तुमच्याकडे असतील. माझ्यापेक्षा तुमच्याबरोबरच जास्त राहिले ते. म्हणून तर सही केली मी. म्हटलं, भावोजी काढतायत, म्हणजे एकदा धड बघायला तरी मिळतील."

मेजरने गल्ल्यावरच्या काचेखाली ठेवलेल्या रंगीत बाटल्यांकडे बघितलं. आपण इथे कशाला आलो होतो ते त्याला आता कळलं. तो मागायला आला होता. आणि इतकी वर्षं त्या त्याच्याकडे बघत राहिल्या होत्या, जणू ठेव त्याच्याजवळ सुखरूप आहे.

"पोरीला तर माझ्याएवढंही नाही," वहिनी म्हणाल्या. ती बाप गेल्यावर जन्मली होती. आता रस्त्यांची मोजणी करायची, सतत फिरतीवर असायची. "तिने रजा टाकलीय बघायला यायला."

तिला आणू नका, असं त्याला म्हणायचं होतं. जे ती बघेल तेच तिचे वडील होऊन बसतील, उजव्या हाताचे, दुसऱ्याचे कान असलेले. तो उठला आणि म्हणाला, "मी गाडी पाठवतो."

दुसऱ्या दिवशी त्याने दिग्दर्शिकेला विचारलं, चित्रपट थांबवला तर काय होईल? तिने या कामासाठी दुसरी दोन कामं सोडली होती, बर्फात तिच्या बोटांची कातडी सोलली होती, आणि त्यातलं काहीही तिने बोलून दाखवलं नाही. "तुम्ही निर्माते आहात, सर. थांबवू शकता. पण मी काही चोरलेलं नाही. तुम्ही दिलंत."

"दिलं," मेजर म्हणाला.

"मग ते गेलं कुठे? आहे ना, पडद्यावर आहे. आता ते हरवणार नाही."

"तिकडे आहे म्हणून इकडे नाही, असं झालंय."

तिला ते कळलं असावं, कारण तिने वाद घातला नाही. एवढंच म्हणाली, "कानाची पाळी काढते मी. एवढं तर करता येईल."

"नको," तो म्हणाला. "ती राहू दे." ती एकच गोष्ट तर डॉक्टरकडून घेतलेली नव्हती.

खासगी खेळाला मोजकी माणसं होती. वहिनी आणि मुलगी मधल्या रांगेत बसल्या, मुलीच्या पलीकडे मेजर, त्याच्या पलीकडे बायको. ती चित्रपटांना येत नसे; या वेळी न बोलावता आली होती. दिवे गेले. मेजरने पडद्याकडे बघितलंच नाही. तो मुलीच्या चेहऱ्यावर पडणारा उजेड बघत राहिला, बर्फाचा निळसर, स्टोव्हचा पिवळा. बेसूर ओळीला ती मोठ्याने हसली. कानाच्या पाळीला पहिल्यांदा हसली, आणि दुसऱ्यांदा जवानाच्या खाटेपाशी तिचं हसू जागच्या जागी थांबलं. मेजरच्या मनात आलं, फार चांगला प्रसंग झालाय हा, आणि लगेच स्वतःचीच शिसारी आली. वहिनींनी मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून ठेवली होती, कुणी ती ओढून नेईल अशी. शेवटी कडा सुटला तेव्हा दिग्दर्शिकेने आवाज पूर्ण काढून टाकला होता. नुसतं पांढरं. खोलीत कुणीतरी घसा साफ केला.

दिवे लागल्यावर नट पुढे आला. साधा, लाजरा मुलगा, रंग उतरवल्यावर आणखीच साधा. वहिनींनी त्याचा हात हातात घेतला आणि त्याच्याकडे अशा बघत राहिल्या की त्याला नजर कुठे ठेवावी कळेना. त्याने मदतीसाठी मेजरकडे पाहिलं. "छान केलंत," वहिनी अखेर म्हणाल्या. "दमला असाल." आणि हात सोडला, पण जरा उशिरा. मेजरची बायको पुढे झाली आणि चहा घेऊ या म्हणत त्यांना बाजूला घेऊन गेली.

मेजर बाहेर येऊन पायरीवर बसला. दुपारचं ऊन रस्त्याच्या पलीकडच्या भिंतीवर चढलं होतं. कुणीतरी दुकानासमोर खोकी उतरवत होतं. मुलगी आली आणि शेजारी बसली, मोठ्या माणसाशेजारी जरा अंतर ठेवून बसतात तशी.

"काका, आवडला मला."

"हं."

"खरंच आवडला. पण एक मागू?" ती भिंतीकडे बघत होती. "यात नसलेलं काहीतरी सांगा ना. सगळ्यांनी बघितलंय असं नको."

मेजरने आठवून बघितलं. चष्मा, बघू, गाणं. सगळं देऊन झालं होतं. आणि मग, न शोधता, एक गोष्ट तिथे होती. ती त्याने राखून ठेवली होती असं नाही. दिग्दर्शिकेच्या कामाची ती नव्हतीच, कारण त्यात बघण्यासारखं काही नव्हतं, नुसता अंधार होता. ते दिवस वादळाचे होते, झोपडी गाडली गेली होती, दिवस कुठला आणि रात्र कुठली कळत नव्हतं. डॉक्टर म्हणाला होता, पायाची बोटं वाचवायची तर एकमेकांच्या पोटावर पाय ठेवायचे, दुसरा उपाय नाही. आणि आधी कुणाचे यावरून दोघं भांडले होते. ही गोष्ट त्याच्या तळपायांत होती, डोळ्यांत नव्हती, म्हणून तिथे कुणी नट पोचला नव्हता. त्याला हेही कळत होतं की आता तोंड उघडलं की काय होईल. गोष्टीला सुरुवात मिळेल, शेवट मिळेल, नेमका शब्द मिळेल, आणि पुढच्या वेळी तो शब्दच आधी येईल. काही आठवत नाही गं, एवढं म्हणून भागलं असतं. ती समजूतदार होती. तिने मान हलवली असती आणि आईकडे गेली असती.

तो सांगू लागला. क्रम न लावता, अडखळत, मुद्दाम वाईट सांगावं तसं. सदऱ्याखाली पाय घालायचे, आणि पहिला स्पर्श झाला की समोरचा शिवी द्यायचा. ही शिवी मी तुला सांगत नाही. एकदा डॉक्टरला माझे पाय पोटाशी धरून झोप लागली. दोन्ही हातांनी धरलेले, अगदी घट्ट. माझ्या पाठीला रग लागली होती, पण हललो तर तो जागा होईल, म्हणून मी तसाच राहिलो. तळव्यांखाली त्याचं पोट वर यायचं, खाली जायचं. बाहेर वारा होता. एवढंच. यात काही घडत नाही.

मुलगी भिंतीकडे बघायची थांबली होती. मेजरला वाटलं, फारच थोडं दिलं आपण, आणि तेही धड नाही.

"पोट गरम होतं?" तिने विचारलं.

"हो," मेजर म्हणाला. "गरम होतं."

तिने मान हलवली आणि ती आत आईकडे गेली. पुढे चित्रपट लागला, काही शहरांत चांगला चालला. लोक मेजरला थांबवून डॉक्टरविषयी विचारत, आणि तो लोकांना काय हवं ते सांगे. बायकोलाही तो आता एकेक गोष्ट सांगतो, उशिरा का होईना, आणि ती हातातलं काम न थांबवता ऐकते. पण एकटा असताना कधी मनाने त्या झोपडीकडे जाऊन बघावं, तर तळपायांना काही लागत नाही. उन्हाने तापलेली एक पायरी लागते, आणि शेजारी जरा अंतर ठेवून बसलेली ती मुलगी दिसते, ऐकता ऐकता हळूहळू त्याच्याकडे वळलेली.